वीस चीवरांचा हिशेब: त्रिरश्मीच्या डोंगरापासून घरातल्या वर्षावासापर्यंत

१/
मालेगावात कापडधंद्याचे मूळ गणित कोणाला शिकवावे लागत नाही. सूत आधी लागते, पैसा नंतर येतो. मधल्या काळात कोणाचे तरी भांडवल मागावर अडकून राहते आणि त्याची किंमत मोजावी लागते. यंत्रमागांच्या या शहरातून मुंबई-आग्रा महामार्गाने शंभरएक किलोमीटर नैर्ऋत्येला गेले, नाशिक मागे टाकले, की रस्त्यालगत एक त्रिकोणी डोंगर दिसतो. त्या डोंगरातील एका लेण्याच्या भिंतीवर हेच गणित सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरून ठेवलेले आहे. भांडवल घेणारे विणकर, ते ठेवणारा एक सत्ताधीश आणि त्याच्या व्याजातून ज्यांच्या अंगावर वस्त्र येणार ते बौद्ध भिक्खू, असे तिघे त्या हिशेबात आहेत. बुद्धाची शिकवण रोजच्या व्यवहारात कशी उतरली, याचा इतका नेमका पुरावा क्वचितच सापडतो. (धागा)

२/
लोक या डोंगरातल्या २४ लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. बांधणाऱ्यांची आठवण पुसली गेल्यावर गावोगावच्या लेण्यांना जे नाव मिळाले, तेच इथेही मिळाले. शिलालेखांतले डोंगराचे नाव ‘त्रिरश्मी’ आहे आणि जवळच्या नगराचे नाव ‘गोवर्धन’. नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरजवळ गोवर्धन नावाचे गाव आजही आहे.

३/
दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने दिले. दीनिकाचा पुत्र आणि दक्षमित्रेचा पती अशी त्याची ओळख लेखांत येते. ओसरीतल्या एका लेखात ४२ हे वर्ष आहे. ते कोणत्या संवताचे यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाबाहेर ते जात नाही. चारही दिशांकडून येणाऱ्या भिक्खुसंघाला हे लेणे दिल्याचे उषवदात सांगतो आणि लगेच पैशाच्या तपशिलाकडे वळतो. लेखाचा खरा जीव त्या तपशिलात आहे.

४/
एकूण ठेव ३००० कार्षापणांची. त्यांपैकी २००० गोवर्धनातील विणकरांच्या एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक या दराने. उरलेले १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम कधीही परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. दुसरीच्या व्याजातून त्यांच्या इतर गरजा. या ‘इतर गरजां’साठी लेखात आलेल्या शब्दावर मात्र अजून वाद चालतो.

५/
आता बेरीज करून पाहावी. २००० वर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. दानाच्या लेखात पुण्याची भाषा अपेक्षित असते. इथे एखाद्या जुन्या पेढीच्या खतावणीची शिस्त आहे. किती भिक्खू पावसाळ्यात राहतील, एकाला किती लागेल, त्यासाठी किती व्याज हवे आणि तेवढे व्याज यायला मुद्दल किती ठेवावे, असा उलट्या दिशेने केलेला हा हिशेब दिसतो.

६/
अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. ती गुप्त नव्हती. निगमसभेत, म्हणजे नगरातल्या व्यापारी-कारागिरांच्या सभेत, ती जाहीर वाचून दाखवली गेली आणि रीतीप्रमाणे फलकांवर नोंदवली गेली, असे लेखच सांगतो. दात्याचा शब्द, श्रेणीची जबाबदारी आणि संघाचा हक्क हे तिन्ही चारचौघांत बांधले गेले. उद्या श्रेणीचा एखादा मुखिया बदलला तरी नोंद तिथेच राहणार होती.

७/
इथे एक सावधगिरी हवी. गोवर्धनाच्या विणकरांपासून मालेगावच्या मागांपर्यंत सरळ वंशरेषा ओढण्याचा मोह होतो. ती रेषा नाही. मालेगावचे विणकर प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत, उत्तर हिंदुस्थानातून स्थलांतर करून मोसम नदीच्या काठी आलेल्या मोमीन कुटुंबांचे वारस आहेत. त्यांचा इतिहास वेगळा आणि तेवढाच मोलाचा. तरीही विणकराच्या व्यवसायाची नड ज्याला ठाऊक आहे, त्याला हा लेख अधिक चांगला कळतो. वर्षाला शेकडा बारा देऊन वर स्वतःचे पोट भरायचे, तर श्रेणीचे कापड खपलेच पाहिजे. भिक्खूंचे चीवर पुरवणारी ही व्यवस्था बाजाराच्या भरवशावर उभी होती.

८/
पण यात बुद्धाची शिकवण कुठे आली? पहिले उत्तर विनयात आहे. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये, असा संघाचा नियम. पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी मुक्काम करावा, हाही नियम. एकीकडे राहायचे आहे, वस्त्र हवे आहे, आणि पैसा जवळ बाळगायचा नाही. मुद्दल संघाच्या हाती न देता गृहस्थांच्या श्रेणीकडे ठेवल्याने ही कोंडी बऱ्याच अंशी सुटते. नियमाचा काटेकोर अर्थ लावणाऱ्याला प्रत्येकी १२ कार्षापणांचा उल्लेख खटकेल, आणि तो खटकावाही. आदर्श व्यवहारात उतरताना थोडा वाकतोच. किती वाकला ते अशा लेखांतून मोजता येते.

९/
दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते भिक्खूंपेक्षा विणकरांशी आणि वाण्यांशी बोलते. बुद्धाचा धम्म म्हणजे घर सोडून जाणे, ही समजूत फार पसरलेली आहे. पाली ग्रंथांत गृहस्थांसाठीचा उपदेश भरपूर आहे आणि तो कमालीचा व्यावहारिक आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण.

१०/
प्रसंग राजगृहाचा. सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करत उभा आहे. का, तर वडील मरताना तसे सांगून गेले. बुद्ध त्याची चेष्टा करत नाही की त्याला थांबवतही नाही. तो दिशांचा अर्थ बदलतो. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी-मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. दिशांचे पूजन करायचे तर या माणसांशी नीट वागावे. आणि प्रत्येक नात्यात कर्तव्ये दोन्ही बाजूंना आहेत.

११/
खालच्या दिशेचा भाग आजही कोणत्याही कारखान्याच्या दारावर लावावा असा आहे. मालकाने कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, घरात काही विशेष गोड केले तर त्यात वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी. कामगाराने मालकाच्या आधी उठावे, त्याच्या नंतर झोपावे, दिलेलेच घ्यावे, काम चोख करावे, मालकाचे नाव राखावे. मालकाच्या बाजूची यादी दयेची नाही, कर्तव्याची आहे. हा फरक लहान नाही.

१२/
पैशाविषयीही असेच. मिळकतीचे चार भाग करावेत: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. निम्मी मिळकत पुन्हा धंद्यात घालायला सांगणारा हा उपदेश संन्याशाला उद्देशून असणे शक्य नाही. अंगुत्तरनिकायात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ बुद्धाला स्पष्टच म्हणतो की आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन-फुले वापरणारी माणसे, आमच्या उपयोगाचे सांगा. त्याला उत्तर मिळते ते चार गोष्टींचे: कष्टाने कमवा, कमावलेले राखा, संगत चांगली धरा, आणि खर्च मिळकतीच्या तोलात ठेवा. शस्त्रे, माणसे, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, हेही त्याच निकायात अन्यत्र येते.

१३/
हा उपदेश ऐकणारे लोक कोण होते? त्रिरश्मीच्या भिंतींवर त्यांची नावे आहेत. वीर नावाच्या व्यापारी गृहस्थाने एक लेणे दिले. त्यातली एक खोली पत्नी नंदश्रीची आणि एक मुलगी पुरुषदत्ता हिची, असे लेख वेगळे नमूद करतो. दातामित्री नगराचा, उत्तरेकडून आलेला यवन इंद्राग्निदत्त हा धर्मदेवाचा पुत्र. त्याच्या मुलाचे नाव धर्मरक्षित. राजाचा जावई, वाणी, ग्रीक वंशाचा परदेशी, सगळे एकाच डोंगरात शेजारी झाले आहेत.

१४/
आणि मुगुदास. त्याच्या लेखातल्या ‘दासक’ या शब्दाचा अर्थ अभ्यासक कोळी, मासेमार असा लावतात. कुटुंबासह त्याने एक लहान लेणे दिले. पुढे त्याच लेण्याला बोधिगुप्त नावाच्या उपासकाच्या मुलाने, धर्मनंदीने, शेत जोडून दिले, त्याच्या उत्पन्नातून तिथल्या भिक्खूच्या चीवराची सोय व्हावी म्हणून. पंचशीलातले पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे, आणि दाता जाळे टाकून पोट भरणारा. लेख या विसंगतीवर एक अक्षरही बोलत नाही. माणसाला आधी शुद्ध होऊन ये असे न सांगता त्याचे दान स्वीकारले गेले, आणि त्याचे नाव राजाच्या जावयाइतक्याच कठीण दगडावर राहिले.

१५/
तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने या डोंगरासाठी आणखी एक अक्षयनीवी ठेवली. रकमा गोवर्धनातल्या वेगवेगळ्या श्रेणींकडे वाटून ठेवल्या होत्या. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणीही आहेत. उद्देश एकच: विहारातील आजारी भिक्खूंचे औषधपाणी. करुणा हा शब्द प्रवचनात किती वेळा येतो याला मर्यादा नाही. विष्णुदत्तेने तिची आर्थिक तरतूद करून ठेवली.

१६/
दरम्यान राज्ये बदलली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. जिंकणाऱ्याने पैसा वितळवला नाही, त्यावर स्वतःचे नाव उमटवले. त्रिरश्मीच्या भिक्खूंनाही त्याने उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत दिले. सत्ताधीशाचे नाव बदलले, संघाला दान देण्याची रीत चालू राहिली.

१७/
इथपर्यंतचे चित्र लोभस आहे. पण उषवदाताचे उरलेले लेख वाचले की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. याच माणसाने तीन लाख गाई दान दिल्या, देव-ब्राह्मणांना सोळा गावे दिली, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातले, प्रभास तीर्थावर आठ ब्राह्मणांची लग्ने लावून दिली. भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने जे शेत दिले, ते ४००० कार्षापणांना अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून विकत घेतलेले होते. त्याच्या काळात यात कोणाला विरोध दिसत नसावा. श्रमण आणि ब्राह्मण दोघेही ‘वरच्या दिशेचे’, दोघांनाही द्यावे.

१८/
परंतु याचा अर्थ असा की धम्माला आधार देणारा गृहस्थ धम्माचा होता की नव्हता, हे ओळखण्याची खूणच नव्हती. भिक्खू कोण, हे त्याच्या चीवरावरून आणि उपसंपदेच्या विधीवरून कळे. उपासक मात्र आज विहारात, उद्या यज्ञात. श्रेणी विस्कटल्या, व्यापारी मार्ग ओसरले, राजांची दाने दुसरीकडे वळली, तेव्हा विहार रिकामे झाले आणि गृहस्थांच्या घरात धम्माचे वेगळे असे काही उरले नाही. त्रिरश्मीच्या अकराव्या लेण्यात पुढे जैन मूर्ती कोरल्या गेल्या. मग पांडव आले.

१९/
हे निदान विसाव्या शतकात अत्यंत स्पष्ट शब्दांत मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते दाखवतात की संघात प्रवेशासाठी दीक्षेचा विधी होता, पण धम्म स्वीकारणाऱ्या गृहस्थासाठी वेगळा विधी नव्हता. ही उणीव त्यांना गंभीर वाटली आणि भारतातून बौद्ध धम्म लोपण्याच्या कारणांपैकी ते एक कारण त्यांनी मानले. लोपाची इतर कारणेही इतिहासकार देतात. पण उषवदाताची भिंत समोर ठेवली तर बाबासाहेबांचा मुद्दा बाजूला सारता येत नाही.

२०/
या निष्कर्षापर्यंतची वाट नाशिक जिल्ह्यातूनच गेली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. आंबे दिंडोरीचे भाऊराव कृष्णाजी उपाख्य दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालवला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी मालेगावच्या दक्षिणेला असलेल्या येवल्यात परिषद भरली आणि तिथे बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मणे हातात नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. येवला हेही विणकरांचेच गाव, पैठण्यांचे. योगायोग म्हणून सोडून द्यावा, पण तो लक्षात राहतो खरा.

२१/
घोषणेपासून दीक्षेपर्यंत २१ वर्षे गेली. बुद्धाची ओढ मात्र त्याहून जुनी होती. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ मध्ये मराठीत बुद्धचरित्र लिहिले होते आणि शाळकरी भीमरावाला ते त्यांनीच भेट दिले होते. धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आणले होते. म्हणजे लेण्यांतून लोपलेला धम्म मराठीत आधी छापील पुस्तकांतून परतला.

२२/
१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली, सोबत २२ प्रतिज्ञा दिल्या. एका गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा देणे ही परंपरेत नवी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रत्येक बौद्धाला दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार असल्याचे सांगितले, आणि मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असेही आवाहन केले. उषवदाताने ७० हजार कार्षापण एका फटक्यात दान दिल्याची नोंद आहे. इथे हिशेब रोजंदारीवरच्या माणसाच्या मिळकतीचा होता.

२३/
बावीस प्रतिज्ञांची मांडणी नीट पाहिली तर ती घराच्या नकाशावर बेतलेली दिसते. देव्हारा: कोणत्या देवतांना मानायचे नाही. मृत्यू: श्राद्ध आणि पिंडदान करायचे नाही. संस्कार: ब्राह्मणाकडून विधी करवून घ्यायचे नाहीत. मग समतेचा स्वीकार, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांवर दया. आणि चोरी, खोटे, व्यभिचार, दारू यांचा त्याग. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, हेही त्यात आवर्जून येते. उषवदाताला जी सीमारेषा कधी आखावी लागली नव्हती, ती इथे उंबरठ्यावरच आखली गेली.

२४/
आकडे बोलके आहेत. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या घरात होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. पण या आकड्यांमागे प्रत्येक घरात काहीतरी घडले होते. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले गेले. लग्नात मंगलाष्टकांऐवजी त्रिशरण-पंचशील आले. गावकीची जी कामे जातीमुळे पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात पडली होती, मेलेली ढोरे ओढण्यासारखी, ती नाकारली गेली. त्याची सुरुवात १९२७ च्या महाड परिषदेपासूनच झाली होती. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गातला शब्द या लोकांसाठी कल्पनेतला नव्हता. काम नाकारले की बलुते बुडत होते, कुठे बहिष्कार पडत होता.

२५/
सरकारी कागदावरही किंमत मोजावी लागली. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्राने राज्य पातळीवरील सवलती बौद्धांना लागू केल्या, पण केंद्राच्या पातळीवर ही दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडले. तोवर शाळेच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहायचा, हा अनेक कुटुंबांपुढे जेवणाच्या पानाइतका रोजचा प्रश्न होता. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. खरा धर्म लिहिला तर मुलाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी धोक्यात, जुनी जात लिहिली तर शीलाला तडा. घरोघरी याची उत्तरे वेगवेगळी निघाली, आणि त्यांपैकी कोणत्याही उत्तराला आज सहज नावे ठेवणे सोपे आहे.

२६/
टीकाही झाली. काही पारंपरिक बौद्ध अभ्यासकांना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ परंपरेपासून फार दूर गेलेला वाटला. ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेब चार आर्यसत्ये मूळ शिकवणीचा भाग आहेत की नंतरची भर, असा प्रश्न विचारतात, आणि तो अजूनही वादाचा विषय आहे. मात्र या ग्रंथात गृहस्थांच्या विनयासाठी स्वतंत्र भाग आहे, आणि तिथे सिगाल पुन्हा भेटतो: मुलांची कर्तव्ये, विद्यार्थ्याची, पती-पत्नीची, मालक-नोकराची. राजगृहाच्या रस्त्यावरचा तो ओल्या केसांचा तरुण अडीच हजार वर्षांनी पुन्हा कामाला आला. या बाबतीत तरी ग्रंथ परंपरेच्या फार जवळ आहे.

२७/
आणि पावसाळा. त्रिरश्मीच्या लेण्यात वर्षावास वीस भिक्खूंचा होता. गृहस्थांचा वाटा व्याजापुरता. १९५६ नंतरच्या महाराष्ट्रात भिक्खू मोजके आणि उपासक लाखो, त्यामुळे वर्षावासाचे रूपच पालटले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्त्यावस्त्यांतील विहारांत, समाजमंदिरांत, कुठे एखाद्याच्या घराच्या पडवीत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. वाचणारी बहुधा शाळा-कॉलेजातली मुलगी किंवा मुलगा असतो, ऐकणाऱ्यांत दिवसभर मजुरी करून आलेली माणसे असतात. एक भाग वाचायचा, कठीण शब्दावर थोडे बोलायचे, उरलेले उद्या. कोणाच्या घरचा पोरगा दारूकडे वळला, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे बोलणेही तिथेच निघते.

२८/
तीन महिने संपले की चीवरदान होते. उपासक वर्गणी काढतात आणि वर्षावास केलेल्या भिक्खूंना वस्त्र देतात. वर्गणीदारांची नावे, पुढे प्रत्येकाची रक्कम आणि तळाशी एकूण बेरीज असा कागद पुष्कळ विहारांत भिंतीवर सर्वांना दिसेल असा लावलेला असतो.